प्लेगच्या पथकातली माणसे: मुंबई इलाखा, १८९६ ते १९०२

१८९६ साली मुंबईत उद्भवलेल्या प्लेगचा इतिहास मराठीत बहुधा दोन बाजूंनी सांगितला जातो. एका बाजूला रँड आणि चापेकर बंधू असतात, म्हणजे साथनियंत्रणाच्या नावाखाली झालेला जुलूम आणि त्याला मिळालेले प्रत्युत्तर. दुसऱ्या बाजूला वाल्देमार हाफकिन आणि त्यांची लस असते, म्हणजे विज्ञानाने रोगावर केलेली मात. या दोन कथांच्या मधल्या जागेत जी हजारो माणसे रोज प्रत्यक्ष काम करत होती, त्यांच्याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष उशिरा आणि अपुरे गेले. मैला वाहणारे हलालखोर, गल्ल्या झाडणारे बिगारी, चाळींच्या भिंतींना चुना फासणारे मजूर, रुग्णांना उचलून नेणारे हमाल, रुग्णालयांतील वॉर्डबॉय आणि परिचारिका, कनिष्ठ वैद्यकीय सेवेतील हॉस्पिटल असिस्टंट, घरतपासणीच्या पथकांबरोबर फिरणारे डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी अशा सगळ्यांच्या श्रमांवर ती प्रचंड मोहीम उभी होती. सरकारी अहवालांत किती घरे धुतली, किती छपरांची कौले उतरवली, किती रुग्ण हलवले याची मोजदाद सापडते, पण ही कामे करणारी माणसे किती थकली, किती निघून गेली आणि का गेली, हे त्या अहवालांच्या ओळींमधून शोधून काढावे लागते. तसा शोध घेतला की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते: या माणसांना खचवणारे सर्वांत मोठे कारण रोगाची भीती नव्हती, आणि कामाचे तासही नव्हते; ज्या कामावर आपला काही ताबा नाही, ज्याचा परिणाम दिसत नाही आणि ज्यापायी शेजारीपाजारी शत्रू होतात, असे काम वरून बेभरवशाची वागणूक मिळत असताना करत राहावे लागणे, हे ते कारण होते.

या अवस्थेला आज बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची गणना आजारांत केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी ती एक व्यावसायिक अवस्था मानली आहे आणि तिची तीन अंगे सांगितली आहेत: शक्ती पूर्णपणे आटल्याची भावना, कामाविषयी मनात येणारा दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही अशी जाणीव. ही संकल्पना १९७४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मांडली आणि पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी ती मोजता येईल अशा रूपात आणली. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामाच्या सहा बाजू धोक्याच्या म्हणून दाखवल्या आहेत: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक आणि स्वतःच्या मूल्यांशी कामाचा मेळ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ही चौकट एकोणिसाव्या शतकातील मजुरांना जशीच्या तशी लावणे धाडसाचे ठरेल, कारण त्यांनी आपल्या मनःस्थितीविषयी स्वतः लिहिलेले जवळजवळ काहीच उपलब्ध नाही. तरीही त्यांच्या कृती, म्हणजे पळून जाणे, कामास नकार देणे किंवा सगळ्या विपरीत परिस्थितीत टिकून राहणे, नोंदलेल्या आहेत, आणि कृतींवरून परिस्थितीचा अंदाज बांधणे ही इतिहासलेखनाची मान्य रीत आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारी आणि दाट वस्तीच्या शेजारी, गोव्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगास यांनी तेथे पसरलेला ताप म्हणजे गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. त्या वेळी १८९१च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. पुढच्या काही महिन्यांत सुमारे ३,८०,००० लोक शहर सोडून गेले असा त्या काळातील अंदाज आहे. ज्यांना गाव होते आणि गावी जाण्याची ऐपत होती ते गेले, गिरण्यांना मजूर मिळेनासे झाले आणि बाजार ओस पडले. नगरपालिकेच्या सफाई कामगारांना मात्र ही मोकळीक नव्हती. हलालखोर म्हणजे घरोघरच्या शौचकूपांतील मैला उचलणारे कामगार. बिगारी म्हणजे रस्ते आणि गटारे साफ करणारे. गुजरात-काठियावाडातून आलेल्या आणि कोकण-देशावरच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून ही भरती होत असे, आणि जातीने ठरवून दिलेले हे काम सोडून दुसरे काम मिळण्याची वाट त्यांच्यासाठी जवळजवळ बंद होती. त्यांच्या कामबंदीने शहर किती लवकर हतबल होते याचा अनुभव पालिकेने १८८९च्या संपात घेतला होता, आणि त्यानंतर आलेल्या १८९०च्या मुंबई नगरपालिका सेवक कायद्याने अशा कामगारांनी पूर्वसूचना न देता काम सोडणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. साथ येण्याच्या सहा वर्षे आधीच, शहराला ज्यांची सर्वाधिक गरज होती त्यांना कायद्याने कामाला बांधून ठेवले होते, ही बाब प्लेगच्या इतिहासात जितक्या वेळा सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही.

आणि तरीही ऑक्टोबर १८९६ मध्ये हेच कामगार निघून जातील या धास्तीने प्रशासनाला माघार घ्यावी लागली. म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबरला काढलेल्या हुकमाने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आणि घरांची निर्जंतुकी करण्याचा अधिकार आरोग्य खात्याला दिला. शहरात अफवा पसरल्या: रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे माणसांना मारून त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषध काढतात, राणीला अवयव हवे आहेत. या अफवा सफाई कामगारांच्या वस्त्यांतही पोहोचल्या, आणि त्यांच्यासाठी तर त्या अधिक भेडसावणाऱ्या होत्या, कारण रुग्ण सापडलेल्या घरात शिरायचे तेही त्यांनीच आणि उद्या स्वतःला ताप आला तर उचलून न्यायचे तेही त्यांनाच. हलालखोर आणि बिगारी शहर सोडून गेले तर मुंबई काही दिवसांत राहण्यालायक उरणार नाही, हे स्नो यांनी आपल्या अहवालात पुढे स्वच्छ शब्दांत मान्य केले. ३० ऑक्टोबरला हुकूम शिथिल झाला आणि ज्या घरी रुग्णाला वेगळे ठेवण्याची सोय असेल तेथून त्याला हलवू नये असे ठरले. शिथिलतेची इतर कारणेही होतीच, परंतु साम्राज्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराचे आरोग्यधोरण मैला वाहणाऱ्या माणसांच्या संभाव्य निघून जाण्याने बदलले, ही नोंद त्या वर्षीच्या सर्व नोंदींत महत्त्वाची मानावी लागते. कायद्याने नाकारलेला ताबा या कामगारांनी केवळ जाण्याच्या शक्यतेतून काही काळ परत मिळवला होता.

कामाचे स्वरूप समजून घेतले तर त्यातील निरर्थकतेचा भारही लक्षात येतो. प्लेगचे जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला ओळखले गेले होते, पण रोग माणसापर्यंत कसा पोहोचतो हे १८९६ साली कोणालाच माहीत नव्हते. घाण, दमट हवा आणि दूषित जमीन यांतून तो उद्भवतो असा सर्वसाधारण समज असल्यामुळे एका टप्प्यावर कार्बोलिक मिसळलेले समुद्राचे सुमारे ३० लाख गॅलन पाणी रोज मुंबईच्या गटारांतून सोडले जात होते. घरांतील सामान बाहेर काढून जाळले जाई, भिंतींना चुना लावला जाई, ऊन आत यावे म्हणून छपरे उघडी केली जात आणि राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर यू. एच. एच. ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. रोग उंदरांच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले, पण त्या वर्षी नेमलेल्या प्लेग आयोगाने ते मनावर घेतले नाही आणि १९०५ नंतरच्या संशोधनातच त्याला पूर्ण पुष्टी मिळाली. गटारे अशा रीतीने धुतल्याने उंदीर घरांत शिरले असावेत आणि साथीला उलट मदतच झाली असावी, असे मत पुढच्या अभ्यासकांनी मांडले आहे. जो मजूर दिवसभर कार्बोलिकच्या उग्र वासात बुडून गटार धुवत होता, त्याने धुतलेल्याच गल्लीत दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठ आलेला रुग्ण सापडत होता. काम कितीही केले तरी मरण कमी होत नाही हे त्याला कोणत्याही तक्त्याशिवाय दिसत होते, आणि बर्नआउटच्या तिसऱ्या अंगाला, म्हणजे निष्फळतेच्या जाणिवेला, याहून पोषक परिस्थिती कल्पिणे कठीण आहे. ही जाणीव एका हंगामापुरतीही नव्हती, कारण प्लेग जवळजवळ दर हिवाळ्यात परत येत राहिला आणि १९०१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ इतकी खाली आलेली आढळली.

लोकांचा रोष हा यापुढचा, आणि बहुधा सर्वांत जाचक, भाग होता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांच्या देखरेखीखालचे हे साथरोगांचे रुग्णालय गरीब रुग्णांचा मुख्य आधार होते, आणि ज्या कामकरी वर्गासाठी ते चालत होते त्याच वर्गाने त्यावर दगड उचलले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या नेतृत्वाखाली प्लेग समिती आली आणि लष्कर, पोलीस, डॉक्टर व स्थानिक गृहस्थ यांची मिश्र पथके घरोघर झडती घेऊ लागली. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोड भागात मोमीन विणकरांच्या वस्तीतील एका आजारी मुलीला हलवण्यावरून मोठी दंगल उसळली आणि गोळीबार झाला. या झडत्यांत गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाती हुकूम असे, पण दाराशी प्रथम उभा राहणारा, आतल्या बायकांशी बोलणारा, काखेत आणि जांघेत गाठ आहे का हे तपासणारा माणूस अनेकदा इथलाच असे. ज्यांच्या घरात तो शिरत होता त्यांची भाषा, सोवळेओवळे आणि पडद्याचे संकेत त्याला पूर्ण ठाऊक होते; आपण काय मोडतो आहोत हे हुकूम देणाऱ्यापेक्षा त्याला अधिक कळत होते. हुकूम आणि स्वतःची मूल्ये यांच्यातला हा संघर्ष आजच्या संशोधनात बर्नआउटचा स्वतंत्र धोका मानला जातो, आणि कारकून, विद्यार्थी व हॉस्पिटल असिस्टंट यांच्या वाट्याला तो सर्वाधिक आला. पुण्यात डब्ल्यू. सी. रँड यांच्या समितीने गोऱ्या सैनिकांकडून झडत्या घेवविल्या तेव्हा देशी कर्मचाऱ्यांचा मध्यस्थ म्हणून असलेला उपयोगही फारसा करून घेतला गेला नाही, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्यानंतर संपूर्ण मोहिमेवर भयाची छाया पडली.

वैद्यकीय सेवेतील उतरंडीने या ताणाची वाटणी विषम केली. वरच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये जवळजवळ सर्व अधिकारी युरोपीय होते. त्यांच्या हाताखाली काम करणारे देशी हॉस्पिटल असिस्टंट अल्प पगारावर, पदोन्नतीच्या तुटपुंज्या आशेवर, रुग्णाच्या सर्वांत जवळ काम करत. संसर्गाने या वरच्या वर्गालाही सोडले नाही. जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाचे डॉ. रॉबर्ट मॅन्सर जानेवारी १८९७ मध्ये प्लेगने दगावले आणि त्यांच्या मृत्यूची दखल सर्वत्र घेतली गेली. खालच्या थरातील मृत्यू मात्र बहुतेक आकड्यांत मिसळून गेले. न्याय्य वागणुकीचा प्रश्न केवळ पगाराचा नसतो, कोणाचे मरण नावानिशी नोंदवले जाते याचाही असतो.

हाफकिन यांच्या प्रयोगशाळेकडे या दृष्टीने पाहिले तर तेथील यशाची दुसरी बाजू दिसते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेत त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई इतकेच मिळाले. पुढच्या तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी स्वतःला टोचून घेतली. या वेगाची किंमत त्यांच्या चरित्रात एका वाक्यात येते आणि बहुतेक वाचक त्या वाक्यावर थांबत नाहीत: त्या तीन महिन्यांत त्यांच्या एका साहाय्यकाचे मानसिक संतुलन ढळले आणि दोघे काम सोडून गेले. जिवंत प्लेगजंतूंच्या काचपात्रांमध्ये, बाहेर वाढत्या मृत्यूंच्या बातम्या येत असताना, ज्याला विश्रांतीची गरज वाटत नाही अशा प्रमुखाच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसांची ही गळती लक्षणीय आहे. हाफकिन यांची निष्ठा वादातीत होती, पण ध्येयाने भारलेल्या माणसाच्या संस्थेत साहाय्यकांचा शीण दिसेनासा होण्याचा धोका असतो, आणि सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात हा धोका पुन्हापुन्हा खरा झालेला आहे.

हाफकिन यांना स्वतःला मोडणारा आघात कामाच्या बोजातून आला नाही. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि लसीची मागणी झपाट्याने वाढली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीत दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना गावातील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे बाजू घेतल्यावर हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. त्यानंतर ते कलकत्त्यात पुन्हा सेवेत आले, पण पूर्वीचे अधिकार त्यांना मिळाले नाहीत आणि १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले. दोषाची शिक्षा खऱ्या कारणाचा तपास पूर्ण होण्याआधी देण्याची ही पद्धत साऱ्या यंत्रणेत मुरलेली होती, आणि जिथे प्रमुखाचीच ही गत झाली तिथे खालच्या कर्मचाऱ्याने चूक कबूल करण्याचे धैर्य कोठून आणावे, हा प्रश्न मलकोवालच्या प्रकरणातून उरतोच.

याच काळात काही माणसे न खचता काम करत राहिली, आणि त्यांच्या कामाची परिस्थिती पाहिली तर वरच्या निष्कर्षाला आधार मिळतो. मुंबईत पारशी, हिंदू आणि इतर समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली; पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय सुरू झाले. पुण्यातील अत्याचारांच्या आरोपांवरून सरकारची माफी मागण्याची नामुष्की पत्करावी लागलेले गोपाळ कृष्ण गोखले पुढे त्याच शहरात प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून राबले. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांना स्वतःला प्लेगनेच मृत्यू आला. या ठिकाणी संसर्गाचा धोका सरकारी पथकांइतकाच होता, कदाचित अधिक होता, आणि काम कमी नव्हते. फरक इतकाच होता की येथे रुग्ण आणि सेवक यांच्यामध्ये संशयाची भिंत नव्हती, काम कसे करायचे हे करणारा स्वतः ठरवत होता आणि त्याला आपल्या समाजाचा पाठिंबा होता. १८९८ नंतर सरकारनेही सक्तीच्या झडत्या मागे घेऊन मनवळवणी आणि ऐच्छिक लसीकरणावर भर दिला. त्याने लोकांचा रोष ओसरला आणि ओघानेच पथकांचे कामही सुसह्य झाले. अर्थात सेवाभावाचा गौरव करताना एक भान ठेवावे लागते: स्वयंसेवक थकला तर घरी जाऊ शकत होता, हलालखोर जाऊ शकत नव्हता, आणि सावित्रीबाईंच्या बलिदानाचे उदाहरण पगारी कर्मचाऱ्याकडून विनातक्रार कामाची अपेक्षा करण्यासाठी वापरणे हा त्या उदाहरणाचा गैरवापर आहे.

पुढे १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत कामाच्या बोजाचा घटक मात्र अग्रस्थानी आला. महायुद्धासाठी अनेक डॉक्टर लष्करात गेले होते, पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झाले होते, आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. स्वयंसेवी संस्थांनी घरोघरी औषध आणि दूध पोहोचवले, पण ही लाट इतक्या वेगाने आली आणि गेली की प्लेगसारखा वर्षानुवर्षांचा झिजवणारा ताण तिने मागे ठेवला नाही.

१८९७चा साथरोग कायदा मात्र शतकाहून अधिक काळ टिकला. चार छोट्या कलमांच्या या कायद्यात सरकारला अमर्याद अधिकार होते, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होती आणि कायद्यानुसार कृती करणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण होते. कृती करणाऱ्या त्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षेविषयी, विश्रांतीविषयी किंवा मोबदल्याविषयी एकही शब्द नव्हता. मार्च २०२० मध्ये कोविडसाठी तोच कायदा लागू झाला, आणि देशात ठिकठिकाणी आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले झाल्यानंतर २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने त्यांच्यावरील हिंसा अजामीनपात्र गुन्हा ठरली. दगडापासून संरक्षण मिळाले ते १२३ वर्षांनी. कामाचे तास, नोकरीची शाश्वती आणि वेतन या बाबी त्या दुरुस्तीतही आल्या नाहीत. २००५ पासून गावोगाव काम करणाऱ्या आशा सेविका या काळात घरोघर जाऊन सर्वेक्षण करत होत्या, बाधितांच्या संपर्कातील माणसे शोधत होत्या, आणि ज्या आळीत त्या राहत होत्या तेथेच त्यांच्याकडे संशयाने पाहिले जात होते. सरकारी हिशेबात मात्र त्या कर्मचारी नव्हत्या, तर मानधनावरच्या स्वयंसेविका होत्या. १५ जून २०२१ रोजी महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा सेविकांनी संप पुकारला, आणि आठवडाभराने तो मिटला तेव्हा सरकारने मासिक मानधनात वाढ आणि कोविड भत्ता मान्य केला. कायम कर्मचाऱ्याचा दर्जा मात्र त्यांना मिळाला नाही.